सासूबाईंच्या मडक्यातलं कूट

माझ्या सासूबाईंबद्दल कुणी वाकडं बोललं, तर मी सायकल आडवी घालून भांडतो. मागे गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी. लोक हसतात. म्हणतात, हा बघा सासूचा भगत, म्हातारीनं काय चारलंय कोण जाणे. हसू देत. त्यांच्या सासवा त्यांना लखलाभ.

आणि हे कोण म्हणतंय? ज्याला त्याच बाईच्या घरातून हाकलायला दोन गावची माणसं जमली होती, तो मी. जैलोसी. सायकलवर गिऱ्हाईक नि माल वाहतो, म्चिंजीच्या बाजारात माझी सायकल कुणालाही विचारा.

आमच्याकडे लग्न झालं की पुरुषानं बायकोच्या गावी राहायला जायचं. सगळेच घरजावई, त्यामुळे कुणी कुणाला चिडवायचा प्रश्नच नाही. घर बायकोचं, शेत बायकोचं, पोरं बायकोच्या कुळाची. आपली म्हणजे एक सायकल, एक कुदळ नि एक घोंगडी. घरात शब्द चालतो बायकोच्या मामाचा. त्याचं मन फिरलं की तो एवढंच म्हणतो, "बाबा, घोंगडी उचल." उचलायची. पोर मागे राहतं.

सासूशी जावयानं थेट बोलायचं नाही, हा दुसरा कायदा. आमच्या नाम्बेवे, म्हणजे माझ्या सासूबाई, मला काही सुनवायचं असलं की कोंबडीला सुनवायच्या. "काय गं कोंबडे, सरपण संपलंय, पण डोळे असून दिसत नाही काही काही लोकांना!" मीही कोंबडीलाच उत्तर द्यायचो, "आणतो गं बाई, पंक्चर तरी काढू दे." कोंबडी बिचारी दोघांकडे बघत राहायची. मलिता, माझी बायको, पदरात तोंड खुपसून हसायची.

शेंगा सोलण्यात नाम्बेवेंचा हात धरणारं आमच्या माळावर कुणी नव्हतं. वाळलेली शेंग काय साधी असते? दिवसभर फोडा, नख उलटं होऊन येतं. नाम्बेवे आदल्या संध्याकाळी शेंगांवर पाणी मारायच्या, वरून गोणपाट घालायच्या. सकाळपर्यंत टरफल नरम. मग त्यांचे अंगठे सुटायचे. टर्रटर्र, टर्रटर्र, बोलणं एकीकडे, हात एकीकडे. दाणा अख्खा, लाल, साल कुठे सुटलेलं नाही. "फुटका दाणा दाखवा, ही बघा मी उठून जाते," म्हणायच्या. ही रीत त्यांच्या आईची. गावातल्या झाडून साऱ्या बायका ती त्यांच्याकडूनच शिकल्या. शेंगदाण्याचा व्यापारी आला की आधी विचारायचा, नाम्बेवेंचं पोतं कुठलं?

सोलून झालं की सूप मांडीवर घेऊन निवडायला बसायच्या. टपोरे दाणे विकायला. सुरकुतलेले, फुटके, काळपटलेले घरात. टाकून द्यायचं नाही काही. त्याचं उखळात कूट करायचं आणि चुलीमागच्या मडक्यात भरून ठेवायचं. भोपळ्याच्या पाल्यात कूट, वाळलेल्या भाजीत कूट, आणि सगळ्यांत जास्त कूट अलिनाफेच्या पेजेत.

अलिनाफे माझी लेक. तिच्याआधीचं पोर आमचं जगलं नव्हतं. त्यामुळे ही म्हणजे आजीचा जीव की प्राण. "इतरांची पोरं नुसती मक्याची पेज पितात. माझी नात कुटाची पेज पिते!" असं हापशावर चार बायकांत सांगितल्याशिवाय नाम्बेवेंचा हंडा भरायचा नाही.

आणि ती कुटाची पेज पिणारी पोर वाढेना.

बसली उशिरा, उभी राहिली उशिरा. हात पाहिले तर काडी. केस विरळ, रंग उडालेले. मागच्या थंडीतला फ्रॉक मलितानं या थंडीत बाहेर काढला, अंगात घातला, तो बरोब्बर बसला. "बघ, किती टिकलं कापड," ती म्हणाली. आणि मग तिचं तिलाच कळलं ती काय बोलली ते. पोरीला पोटाशी धरून नुसती बसून राहिली. दवाखान्यात नेली, तापाचं औषध मिळालं, हगवणीचं मिळालं. वजनाचा काटा होता तिथंच.

पेज पुढे केली की अलिनाफे तोंड फिरवायची. नाम्बेवे बोट लावून चाखायच्या, "कडसर आहे गं जरा," म्हणत चिमूटभर साखर घालायच्या, आणि मांडीवर आडवी घेऊन भरवायच्या. एक घास कोंबडीचा, एक घास बकरीचा. पोर रडायची, आजी पुसायच्या आणि पुन्हा भरवायच्या. इतक्या मायेनं कुणी कुणाला भरवताना मी पाहिलेलं नाही.

आता गाव कसं गप्प बसेल? आमची शेजारीण फिलेसी, तिच्या जिभेला हाड नाही. हापशावर हात चालवता चालवता म्हणाली, "पोर सुकतंय ते उगाच नाही गं. बाप बाजारच्या गावी मुक्कामाला असतो. तिथं रात्री काय सायकलच चालवतो का?"

झालं. अंगावर पिणारं पोर घरात असताना बापानं बाहेर शेण खाल्लं, की ते पोराला लागतं, असं आमच्याकडे मानतात. त्याला त्सेंफो म्हणतात. ते औषधानं जात नाही. बाप गेला की जातं.

अहो, मी तिथं झोपायचो गोदामाच्या ओट्यावर! सायकलची साखळी पायाला बांधून, चोर नेईल म्हणून! कसलं शेण आणि कसलं काय, अंग आखडून सकाळी सरळ उभं राहता यायचं नाही. पण हे सांगायचं कुणाला? जितकं सांगावं तितकं लोक मान हलवून गालात हसणार.

मलितानं मला एकदाच विचारलं, डोळ्यात बघून. "खरं सांग."

"अलिनाफेच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. नाही."

"बास," म्हणाली, आणि तडक मामाकडे गेली. मामा लुसियानो, नाम्बेवेंचा धाकटा भाऊ. वयानं धाकटा, पण कुळाचा कर्ता तोच. तो तिला म्हणाला, "बायको नवऱ्याचं झाकणारच. रविवारी प्रार्थनेनंतर माझ्या ओसरीवर बसू. त्याच्या मामालाही निरोप धाडलाय." जावयाच्या मामाला निरोप धाडला म्हणजे भाच्याला घेऊन जा, हे शेंबड्या पोरालाही कळतं आमच्याकडे.

मला घराचं काही नव्हतं. दुसरीकडे छप्पर उभं करता येतं. पण अलिनाफे इथंच राहणार होती.

नेमकं त्याच शनिवारी नाम्बेवेंचं पोतं गोदामावर न्यायचं होतं. बैठक असली म्हणून माल थोडाच थांबतो? मी पोतं सायकलवर बांधलं आणि ढकलत निघालो. सासूबाई रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, वीस पावलं मागे. बघणाऱ्याला वाटावं, ओळखदेख नाही एकमेकांची. कोंबडी बरोबर नव्हती, त्यामुळे सगळा रस्ता न बोलताच.

गोदामात यंदा नवीन थाट होता. माल समुद्रापलीकडे जाणार म्हणून तपासून घेत होते. तियांजाने नावाची पोरगी, अंगात पांढरा कोट. तिनं आमच्या पोत्यातून ठिकठिकाणचे मूठ मूठ दाणे काढले, दळले, बाटलीत कालवले, त्यात कागदाची पट्टी बुडवली. बघत बसली. पुन्हा एकदा सगळं तसंच केलं. मग म्हणाली, "आजी, हा माल घेता यायचा नाही."

"काय म्हणालीस?"

"यात बुरशीचं विष आहे. खूप आहे."

नाम्बेवेंनी कमरेवर हात ठेवले. "पोरी, तुझी आई रांगत होती तेव्हापासून लोक माझे दाणे खातात. एक फुटका दाणा काढून दाखव त्यातला. एक!"

"फुटका नाहीच आहे. इतका देखणा माल आज दिवसभरात आला नाही," ती पोरगी कळवळून म्हणाली. "पण हे विष डोळ्यांना दिसत नाही, आजी. शेंगा पाणी मारून सोलता का तुम्ही?"

नाम्बेवेंची मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! "मग? त्याशिवाय अख्खा दाणा निघतो होय? माझ्या आईची रीत आहे. सारं गाव माझ्याकडून शिकलंय. पाणी किती मारायचं, गोणपाट किती जाड घ्यायचं, विचार कुणालाही."

तियांजानेनं हातातली पट्टी खाली ठेवली. "ओल, वर झाकण आणि आत ऊब. बुरशीला याहून काय लागतं? आणि एकदा विष धरलं की भाजून जात नाही, शिजवून जात नाही."

"मग आम्ही सगळे मेलो का खाऊन?"

"मोठं माणूस लगेच नाही मरत. आत यकृत पोखरतं हळूहळू. पण लहान पोरांना फार वाईट. पोरं वाढीला लागत नाहीत, असं शिकवलंय आम्हांला. सगळं यानंच होतं असं नाही, पण हे असलं की होतं ते जास्त होतं." मग तिनं सहज विचारलं, "निवडलेले खराब दाणे कुठं टाकता?"

"टाकते?" नाम्बेवे फणकारल्या. "मी कधी काही टाकत नाही. आमच्या घरात त्याचं..."

आणि तिथं थांबल्या. तोंड उघडंच. हात सुपात निवडताना असतो तसा हवेत राहिला. तियांजानेला काही कळलं नाही. मला कळलं.

पोतं परत सायकलवर चढवलं. येताना वाट चढाची आहे. मी ढकलतोय, घाम गाळतोय, आणि मागची पावलं जवळ जवळ येतायत. पलीकडच्या कडेवरून अलीकडे आली. माझ्या मागे आली. माझ्या शेजारी आली.

"जैलोसी."

सायकल हातातून निसटलीच असती. त्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, पण माझं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"विकायला काढलेलं इतकं वाईट निघालं. मग घरात ठेवलेलं कसलं असेल रे?"

उत्तर त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण मी ते बोलू शकलो नाही. "मला त्यातलं काय कळतंय, आई," एवढंच म्हणालो. त्या पुन्हा मागे पडल्या. घर येईपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी मलिता पेज करायला बसली. कुटासाठी चुलीमागे हात घातला, तर मडकं जागेवर नव्हतं.

"आईनं नेलं असेल," ती म्हणाली.

मी तिला गोदामातलं सगळं सांगितलं. ती पेज ढवळत ऐकत होती. ढवळणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग हळूच म्हणाली, "उद्या तू हे बोललास तर लोक काय म्हणतील माहीताय? आपलं शेण सासूच्या मडक्यात लपवतोय."

"आणि आई स्वतः बोलतील?"

"आईनं आयुष्यात एक गोष्ट कमावली. नाव. ते ती उद्या फिलेसीच्या पुढ्यात ओतेल, असं वाटतं तुला?"

मला नव्हतंच वाटत. मला उलट वाटत होतं की मडकं आता कुठल्यातरी खड्ड्यात गेलं. पुरावा गेला. वा रे सासूबाई, म्हटलं. पोरीचं विष थांबलं, आपलं नाव राहिलं, आणि जावई गेला तर जाऊ दे, जावई काय, रस्त्यानं शंभर जातात. इतका राग आला होता की बाहेर जाऊन मी विनाकारण सायकलची चेन काढली आणि विनाकारण परत बसवली. बिनकुटाची पेज अलिनाफेनं तोंड न फिरवता संपवली, तेही मला त्या रागात दिसलं.

रविवारी ओसरी भरली. एका अंगाला मामा लुसियानो, कोट घालून. दुसऱ्या अंगाला माझा मामा वायसन, एवढी सायकल मारून आलेला, धुळीनं लाल. बाया चटईवर. फिलेसी सगळ्यांत पुढे, तिला ऐकू कमी येतं म्हणे, अशा वेळीच येतं कमी. नाम्बेवेंचा पत्ता नव्हता.

लुसियानो मामानं घसा खाकरला. "वायसन, तुझ्या भाच्याशी आमचं वैर नाही. कामाला चांगला आहे. सायकल चांगली आहे."

"सायकल चांगली आहे म्हणून बोलावलंस होय मला?" माझा मामा म्हणाला.

लोक हसले. लुसियानो मामा हसला नाही. "पोर सुकतंय, वायसन. आमच्या कुळाचं पोर आहे. एक आधीच मातीत दिलंय. दुसरं द्यायची माझी तयारी नाही. ज्याच्या पावलानं हे घरात येतंय, ते पाऊल..."

"पाऊल ज्याचं आहे त्याला विचारलंस का?" वायसन मामा तडकला.

"विचारून चोर कबूल होतो?"

"चोर? कुणाला चोर म्हणतोस?"

आवाज चढले. मी मान खाली घालून बसलो होतो. मलितानं अलिनाफेला इतकं घट्ट धरलं होतं की पोर कुरकुरायला लागली. आणि त्या गलक्यात फिलेसी म्हणाली, "ही बघा, आली एकदाची. कुठं होतीस गं?"

नाम्बेवे आल्या. धुतलेलं लुगडं, डोक्याला स्वच्छ फडकं, आणि डोक्यावर मडकं. तेच. त्यांनी ते ओसरीच्या मधोमध ठेवलं, आतलं कूट एका वाडग्यात काढलं आणि भावापुढे सरकवलं. कुणालाच काही उमगेना. कुटाचं वाडगं पुढे आलं की माणूस काय करतो? लुसियानो मामानं सवयीनं दोन बोटं बुडवली आणि तोंडाकडे नेली.

चट्! सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. कुळाच्या कर्त्याला. कोट घातलेल्याला. सगळ्यांदेखत.

"विष आहे ते," त्या म्हणाल्या.

लुसियानो मामानं बोटांकडे बघितलं आणि पटकन ती विजारीला पुसली. पुन्हा पुसली.

"पुसलीस?" नाम्बेवे म्हणाल्या. "छान केलंस. तुला कुणी सांगितलं म्हणून पुसलीस. माझी नात तोंड फिरवून फिरवून सांगत होती, तिचं मी ऐकलं नाही. गाल दाबून भरवलं. साखर घालून भरवलं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गोदाम, पांढऱ्या कोटाची पोरगी, पट्टी, परत आलेलं पोतं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. पाणी आणि गोणपाट यावर आल्या तेव्हा चटईवरच्या एकेकीकडे बघून बोलल्या. "तू माझ्याकडून शिकलीस. तूही. फिलेसी, तुझ्या लग्नानंतर तुला मी हाताला धरून शिकवलं. तुमच्या मडक्यात हेच आहे. आज घरी जाऊन ओतून टाका. कडू दाणा, काळा दाणा, सुरकुतलेला दाणा पोराच्या तोंडात जाता कामा नये. आणि इथून पुढे शेंग कोरडी सोलायची."

"कोरडी? मग अंगठे?" कुणीतरी कळवळली.

"जाऊ देत अंगठे!"

लुसियानो मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे ताई, चूक आपली?"

"आपली नाही. माझी. चूक सगळ्यांना वाटायला ती काय कापलेली कोंबडी आहे?" मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "या माणसाला काल हे सगळं कळलं होतं. रस्त्यात माझ्या तोंडावर म्हणू शकला असता. आज इथं ओरडून सांगू शकला असता. मूग गिळून बसला. अरे, एवढा मान तर मला माझ्या भावानं दिला नाही कधी."

खरं सांगायचं तर त्यात मानाइतकीच भीतीही होती. पण ते दुरुस्त करत बसायची ती वेळ नव्हती.

वायसन मामा उठला. धूळ झाडली. "झालं? माझा भाचा निर्दोष. आता आमचं ऐका. ज्या घरानं त्याला चोर म्हटलं, तिथं तो राहणार नाही. जैलोसी, घोंगडी उचल. ताठ मानेनं घरी चल."

आता घोंगडी उचलायला माझंच माणूस सांगत होतं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. काही खोटं नाही, क्षणभर वाटलं, जावं. दाखवावं यांना. मलिता खाली बघत होती, तिनं एका शब्दानं थांबवलं नाही. हट्टी आहे ती, आईवर गेलीय.

"मामा," मी म्हणालो, "घोंगडी मलितानं धुऊन वाळत घातलीय. ओली आहे. आणि ओलं काही झाकून न्यायचं नाही, आत्ताच ठरलं ना?"

पहिल्यांदा फिलेसी हसली. मग सगळी ओसरी. वायसन मामानं मला शिवी दिली आणि खाली बसला. लुसियानो मामानं आतून कोंबडी धरून आणायला सांगितली, मोठी. मक्याच्या पिठाची न्सिमा दोनदा थापावी लागली, इतके लोक जेवायला थांबले.

मडक्यातलं कूट आणि परत आलेलं पोतं नाम्बेवेंनी घरामागे खड्डा करून पुरलं. फिलेसी म्हणाली, कोंबड्यांना तरी घाला. तर म्हणाल्या, "कोंबडीनं काय पाप केलंय माझं?" माती लोटताना मलिता रडली. वर्षाचं मीठ, साबण, रॉकेल होतं त्या पोत्यात. नाम्बेवे नाही रडल्या. खड्ड्यावर पाय देऊन त्यांनी माती घट्ट केली.

पुढच्या सुगीला कोरडं सोलणं सुरू झालं. बाप रे! बायांच्या अंगठ्यांना चिंध्या, कुणाचं नख निळं, कुणाचं निघालेलं. सगळ्यांत हळू कोण? नाम्बेवे. ज्यांचे हात वेगानं दिसायचे नाहीत, त्यांचं सूप आता सगळ्यांच्या शेवटी भरायचं. वय झालं, आणि कोरडी शेंग त्या अंगठ्यांना ठाऊकच नव्हती. पोरीसोरी पुढे जायच्या आणि त्या मागे बसून एकेक शेंग फोडायच्या, रक्त आलं की तोंडात अंगठा धरायच्या. कुणी म्हणालं, थोडं पाणी, अगदी शिंतोडे, तर हातातलं सूप उगारायच्या. मीही सोलायला बसलो त्यांच्यात. बाया फिदीफिदी हसल्या. हसू देत. सायकलच्या ब्रेकनं माझे अंगठे आधीच राठ झालेले आहेत.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, एकट्या कुटावर सगळं ढकलू नका, पोरीच्या ताटात दमच नव्हता. म्हणून अंडी बाजारात जायची बंद झाली. चवळी, तळ्याची सुकी मासळी, आणि निवडून निवडून, चांगल्यातल्या चांगल्या दाण्यांचं ताजं कूट. टपोरे आता आधी घराला लागतात. अलिनाफे हळूहळू सावरली. पळते आता. माझ्या सायकलची घंटा वाजवून वाजवून डोकं उठवते. उंचीत तिच्या वयाच्या पोरांच्या मागे आहे. नर्सबाई म्हणतात, थोडी राहीलच मागे. आम्ही ते ऐकून घेतलं.

पोरांच्या वजनाच्या दिवशी आजी नातीला घेऊन रांगेत उभ्या असतात. आणि रांगेतल्या प्रत्येक परक्या बाईला, विचारलं नसताना, सांगतात. "ही बघा. माझ्या हातानं हिची उंची गेली. तुम्ही शेंगा पाणी मारून सोलता का?" एकदा मला राहवलं नाही. आता आम्ही बोलतो थेट, लोक काही म्हणोत. मी म्हटलं, "आई, कशाला दर वेळी? गावात सगळ्यांना माहीताय."

"या बाया गावातल्या नाहीत."

"पण तुमचं नाव..."

"नावाचं काय लोणचं घालू?" म्हणाल्या. "नाव होतं म्हणून बाया माझं ऐकून पाणी मारायला लागल्या. आता त्याच तोंडानं थांबवायला नको?"

परवाच्या वजनाला नवी नर्स आली होती, दूरची, तरुण. अलिनाफेला झोळीत बसवली, काटा हलला, थांबला. बऱ्याच वर थांबला. नाम्बेवेंनी भर रांगेत जीभ हलवून असा लांबलचक आनंदाचा पुकारा केला की झोळीतली पोर दचकली. मागच्या बायांनी तो उचलला. नवी नर्स हसली, म्हणाली, "कुणाची मुलगी ही?"

आमच्याकडे याचं उत्तर एकच असतं. आईच्या कुळाचं नाव. आजीनं ते सांगायचं, सगळ्या आज्या सांगतात.

"जैलोसीची," नाम्बेवे म्हणाल्या.

"नाही आजी, कूळ कुठलं ते विचारते मी."

"कूळ आहे हो, कूळ कुठं पळून जात नाही. आधी बाप ऐका. जैलोसीची मुलगी आहे ती. तो बघा, सायकल धरून उभा आहे तो."

सगळ्या बाया वळून माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. अलिनाफे झोळीतून हात पुढे करून ओरडली, मला उतरव. मी सायकल तिथंच आडवी टाकली आणि तिला घ्यायला गेलो.